तळहाताएवढी भिंत

यंदा बेंगळुरात पावसानं पाठ सोडली नव्हती. गौरी-गणपती झाले, दसरा उलटला, तरी संध्याकाळ झाली की चामराजपेटेच्या गल्ल्यांतून गढूळ पाणी वाहायचंच. भिंती ओलावलेल्या, खालून पोपडे सुटलेले. ओल्या भिंतीला रंग लावून घेईल असं घर सापडणं कठीण. कल्लाप्पा रंगाऱ्यानं सगळा पावसाळा ब्रश धुऊन, वाळवून आणि पुन्हा धुऊन काढला. शेवटी गंगव्वाच वैतागली.

"ऱ्हाऊ द्या आता. क्यास झडून जातील त्येंचं."

"तुला काय कळतंय ब्रशातलं," कल्लाप्पा म्हणाला आणि ब्रश पुन्हा बादलीत बुचकळला.

हे त्याचं नेहमीचं. गंगव्वा त्याच्याबरोबर कामाला जायची ती भिंती खरवडायला, पुट्टी भरायला आणि कागदानं घासायला. सगळी धूळ तिच्या नाकातोंडात जायची, संध्याकाळी तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. पण रंगाच्या बादलीला तिनं हात लावायचा नाही. रंग कल्लाप्पाचा. निपाणीला देवाप्पा वस्तादाच्या हाताखाली तो शिकला होता आणि दुकानातल्या यंत्रातून घोटून आणलेल्या रंगाला तो रंगच म्हणायचा नाही. पांढऱ्या बादलीत रंगाच्या बाटल्यांतून थेंब थेंब सोडत, काठीनं ढवळत तो स्वतः रंग करायचा. डोळा हाच आपला तराजू, असा त्याचा तोरा होता.

पण त्या तराजूला अलीकडे काहीतरी झालं होतं. पावसाआधी एका मोठ्या अपार्टमेंटात काम मिळालं, तर तिथल्या सुपरवायझरनं त्याला सगळ्यांसमोर भिंतीपाशी नेऊन बोट लावून दाखवलं, इथं सुटलंय, इथं सुटलंय, इथं ओघळ आलाय. कल्लाप्पा म्हणाला, तुमच्या दिव्यांचा उजेड चांगला नाही. सुपरवायझर हसला आणि दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं नाही. घरी येऊन कल्लाप्पानं बल्ब बदलला. महिन्याभरानं पुन्हा बदलला. दुकानदार निकृष्ट माल विकतो म्हणून त्यालाही दोन शब्द ऐकवून आला. डोळ्यांचं नाव मात्र त्यानं काढलं नाही. गंगव्वानं काढलं, तर तिच्यावर असा खेकसला की तिनं तो विषय पुन्हा मनातल्या मनातच ठेवला.

अशात गोदूबाईंचं बोलावणं आलं.

गोदूबाईंचं घर चामराजपेटेतच, पलीकडच्या गल्लीत. तीन पिढ्यांपूर्वी बेळगावाहून येऊन चिकपेटेत कापडाचा धंदा केलेली माणसं. म्हातारी सत्तरीची, पण आवाज असा की रस्त्यावरची रिक्षा थांबावी. तिच्या नातीला, सुप्रीताला, बघून गेलेल्या मंडळींनी होकार कळवला होता आणि रविवारी साखरपुडा घरातच व्हायचा होता.

"ही राखेसारखी भिंत मला काढून टाक आधी," गोदूबाई म्हणाल्या. "मुलाच्या हट्टानं तूच दिलास हा रंग. फॅशन म्हणे! इतकी वर्षं मी राखेत बसून जेवतेय. मला माझा जुना रंग पाहिजे. तूच दिलेला. लोण्यासारखा पिवळा."

"ध्यानात हाय की गोदक्का. हाताला पाठ हाय त्यो रंग."

"नुसतं तोंडानं नको. रविवारी माणसं येणार."

"शनवारी घर तुमच्या ताब्यात," कल्लाप्पा म्हणाला. अपार्टमेंटापासून वाकलेली त्याची मान जरा सरळ झाली. आपल्याला नावानं बोलावणारं एक तरी घर शहरात आहे, याचं त्याला बरं वाटलं.

बुधवारी सकाळी दोघं शिडी घेऊन आले. सामान मधोमध ओढून त्यावर जुन्या चादरी टाकल्या. गंगव्वानं पदर नाकातोंडावरून गुंडाळून घेतला आणि घासायला सुरुवात केली. करडी धूळ उडू लागली. खांदे भरून आले की ती दुसऱ्या हातानं घासायची. कल्लाप्पा छताजवळची पुट्टी भरत होता. शिडीवरून उतरताना शेवटची पायरी त्याला दिसली नाही, पाय हवेत गेला आणि तो भिंतीला धरून सावरला. गंगव्वानं ते पाहिलं आणि घासत राहिली.

दुपारी भाकरी खाताना कल्लाप्पानं हॉलचं मोठं दार ओढून घेतलं आणि दारामागची भिंत तिला दाखवली.

"बघ. हाय का न्हाई?"

करड्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, तळहाताएवढा पिवळा तुकडा होता. उन्हाचं बोट न लागल्यामुळे तो अजून ताजा होता. ही देवाप्पा वस्तादाची रीत. घर रंगवलं की दारामागं तळहाताएवढी जागा सोडायची, तिथं नवा रंग लावायचा नाही. काम अपुरं राहिलं की घर रंगाऱ्याला परत बोलावतं. परत आलं की जुनी जागा भरून टाकायची आणि शेजारी नवी सोडायची. म्हणून दारामागची भिंत कल्लाप्पा नेहमी सगळ्यात शेवटी करायचा.

"बोलवलं का न्हाई घरानं?" कल्लाप्पा खुशीत म्हणाला.

"गोदक्कानं बोलवलं," गंगव्वा म्हणाली. "घर कुठं बोलतंय."

गुरुवारी दोघांनी दारामागचा भाग सोडून सगळीकडे प्रायमर मारला. शुक्रवारी सकाळी कल्लाप्पानं बादली समोर घेतली. दारामागच्या तुकड्याकडे पाहायची त्याला गरजच वाटली नाही. पिवळ्या बाटलीतून थोडा रंग सोडला, ढवळला, काठी उचलून धार पाहिली. आणखी दोन थेंब. पुन्हा धार. मग मान हलवून बाटलीचं बूच लावलं. रोलर बुडवला आणि भिंतीवर चालवू लागला.

खालून गंगव्वा पाहत होती. करडा रंग फार हट्टी, त्याला झाकायला हे प्रायमरचा दुसरा हात देताहेत, असं तिला वाटलं. रंगातलं आपल्याला काय कळतंय, असं म्हणून ती खिडकीच्या गजांना लागली.

दुपार टळता टळता गोदूबाई पान खायला बाहेर आल्या. दारात उभं राहून त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली.

"कल्लाप्पा, रंग कधी देणार?"

"दिलाय की. ह्यो काय." कल्लाप्पा शिडीवरून म्हणाला. "आता उंद्या अजून एक हात."

"कुठं दिलास?"

"भिंतीवर, गोदक्का. अजून कुठं देतात?"

"अय्यो देवा!" गोदूबाईंच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. "पांढरीफटक भिंत, आणि हा म्हणतो रंग दिला! पिवळा कुठाय?"

"ह्योच पिवळा. लोण्यावानी."

"माझी चेष्टा करतोस? लग्नघराला पांढरी भिंत? नातीच्या साखरपुड्याला माणसं येणार आहेत रे, कुणाच्या दिवसाला नव्हे!"

कल्लाप्पाचा चेहरा लाल झाला. तो खाली उतरला. "गोदक्का, तुमी वडीलधाऱ्या हाय, म्हनून गप ऱ्हातो. पर पिवळ्याला पांढरा म्हनू नका. तीस वर्सं ह्योच धंदा केलाय म्या."

आवाज ऐकून सुप्रीता आतल्या खोलीतून आली. ती घरूनच कंपनीचं काम करायची. कानातला हेडफोन काढून तिनं भिंतीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "पांढराच दिसतोय हो. फार तर क्रीम म्हणू, स्वल्प."

आता कल्लाप्पाला राहवेना. त्यानं एका कागदावर बादलीतला रंग फासला, तोंडानं फुंकून वाळवला, दार ओढलं आणि कागद दारामागच्या पिवळ्या तुकड्याला चिकटवून धरला.

"ह्ये बगा! ह्यो तवाचा आनि ह्यो आताचा. हाय का काय फरक? गंगे, तूच सांग."

गंगव्वा जवळ आली. पिवळ्या तुकड्याशेजारी कागद दुधासारखा पांढरा दिसत होता. तिनं कागदाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे. तिथं जरादेखील खोटेपणा नव्हता. त्याला खरंच दोन्ही सारखे दिसत होते.

"एकच हाय न्हवं?" कल्लाप्पानं पुन्हा विचारलं, पण आता आवाज उतरला होता.

"न्हाई वो," गंगव्वा म्हणाली. "म्या तर म्हटलं, प्रायमरचाच दुसरा हात देताय तुमी."

कल्लाप्पानं कागद डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. एक डोळा मिटला, मग दुसरा. मग कागद गंगव्वाच्या हातात दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

त्याला बाप आठवत होता. बापानंही आधी कंदिलाच्या काचेला दोष दिला होता, मग तेलाला. मग एके दिवशी बैल ओळखता येईना. पुढे उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कोन त्ये?" विचारण्यातच त्याची वर्षं गेली. आपणही आता असेच बसणार. बल्ब बदलत होतो तेव्हाच आपल्याला हे ठाऊक होतं, कल्लाप्पाला कळून चुकलं. तीस वर्षं ज्याच्या जिवावर मान वर करून चाललो, तोच डोळा उलटला. आता गंगव्वानं भिंती घासायच्या आणि आपण काय, दारात बसून रिक्षा मोजायच्या? त्यानं रंगाचे हात तोंडाला लावले आणि तो रडला. रस्त्यावरच्या पोळ्या विकणाऱ्या बाईनं पाहिलं, तरी रडला.

गंगव्वा त्याच्या शेजारी येऊन बसली. तिनं पदरानं त्याच्या गालावर उतरलेला रंग पुसला.

आत गोदूबाईंचा पट्टा चालूच होता. कोणाला बोलवावं, शिवाजीनगरचा कोण तो रंगारी, उद्या एका दिवसात कोण करून देणार. मग एकाएकी तो थांबला. थोड्या वेळानं म्हातारी स्वतः दोन कप चहा घेऊन बाहेर आली आणि कल्लाप्पासमोर उभी राहिली.

"कल्लाप्पा, तुला दूध कसं दिसतं रे?"

"दूध? दुधावानीच की," कल्लाप्पा नाक ओढत म्हणाला.

"पिवळसर दिसतं?"

"आता म्हशीचं म्हटल्यावर जरा..."

"म्हस कुठून आली बेंगळुरात! पाकिटातलं दूध!"

कल्लाप्पा विचारात पडला. "जरा पिवळंच आसतंय न्हवं त्ये?"

गोदूबाईंनी कप पायरीवर ठेवले, भिंतीला हात लावला आणि त्या हसू लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. सुप्रीता पाणी घेऊन धावत आली.

"अगं, आठवतं का तुला? वर्षभर मी त्या दूधवाल्याशी भांडत होते! दुधात हळद घालतोस म्हणून! बिचाऱ्यानं शेवटी आपल्याकडे दूध टाकायचंच बंद केलं." त्या कल्लाप्पाकडे वळल्या. "आणि चिकपेटेत मी पिवळी म्हणून साडी आणली, ती पांढरी निघाली. सूनबाई तोंड दाबून हसली. मोतीबिंदू, मेल्या! मोतीबिंदू आहे तुला, त्यात पांढरंही पिवळं दिसतं. माझे दोन्ही डोळे कापून झाले. सकाळी गेले, दुपारी घरी जेवायला. आता सुईत दोरा ओवते मी."

"माज्या बाचं डोळं गेलं, गोदक्का. पार गेलं."

"त्याला दाखवलं होतं कुणाला?"

कल्लाप्पानं मान हलवली. दाखवलं नव्हतं. गावात कोण दाखवणार होतं?

"मग? डॉक्टर काय तुमच्या उंबऱ्यावर येऊन बसणार होता? सुप्रीता, त्या आपल्या डोळ्याच्या दवाखान्यात याचं नाव लाव. चहा घे आधी. गार झाला."

कल्लाप्पानं कप उचलला. आंधळा होणार नाही, एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात फिरत होती. अजून डॉक्टरनं काही सांगितलं नव्हतं, पण या म्हातारीच्या डोळ्यांकडे पाहून त्याचा अर्धा जीव तरी भांड्यात पडला.

"पण माझी भिंत?" गोदूबाई म्हणाल्या. हसू संपलं होतं. "रविवारी पांढरी भिंत मला चालायची नाही. बेडा म्हणजे बेडा, नको!"

"करतो," कल्लाप्पा म्हणाला, आणि लगेच त्यानं कप खाली ठेवला. कसं करणार होता तो?

"करतो आमी," गंगव्वा म्हणाली आणि उठली.

बादली दारामागं आणली. दार ओढून घेतलं, बाहेरचा उजेड खिडकीतून सरळ तुकड्यावर पडेल असं सुप्रीतानं पडदा बाजूला धरला. कल्लाप्पा बाटली घेऊन उकिडवा बसला, गंगव्वा काठी घेऊन.

"सोडा," गंगव्वा म्हणाली.

त्यानं थेंब सोडले. तिनं ढवळलं, बोट बुडवून तुकड्यावर टेकवलं.

"अजून."

"थांब की. ओला रंग फसवतोय. वाळू दे आधी."

दोघांनी मिळून त्या बोटाएवढ्या ठिपक्यावर फुंकर घातली. गोदूबाईंनी वरून पदरानं वारा घातला. वाळला.

"अजून लई पाहिजे," गंगव्वा म्हणाली.

"किती लई?"

"आता किती म्हंजे... पोळीवर तूप कमी पडलं तर किती वाढता, तेवढं."

कल्लाप्पाला हसू फुटलं. तीस वर्षांत ही बाई रंगातलं काही बोलली नव्हती, आणि बोलली तर तुपात. पण त्याला बरोबर कळलं. त्यानं बाटली दाबली.

"आता?"

"आता जरा हिरवट मारतंय. लिंबावानी."

"मग लाल. एकच थेंब. सुईच्या टोकाएवढा." त्यानं लाल बाटली तिच्याच हातात दिली. "माज्या हातानं जास्त पडंल. तूच सोड."

गंगव्वानं बाटली अशी धरली की जणू देवाच्या डोक्यावर पाणी घालायचं आहे. थेंब पडला. ढवळलं. ठिपका ठेवला, फुंकला, वाळवला. तुकड्यावर ठिपक्यांवर ठिपके झाले होते. मग एक ठिपका वाळला आणि दिसेनासाच झाला. गंगव्वानं डोळे बारीक केले, वाकून पाहिलं, बोटानं चाचपलं.

"कुठं ठेवला त्यो मलाच घावंना," ती म्हणाली.

"मग झाला रंग," कल्लाप्पा म्हणाला.

शनिवारी सकाळपासून दोघांनी भिंती धरल्या. वरची कड कल्लाप्पानं सवयीनं, हाताच्या अंदाजानं मारली. खाली गंगव्वानं आयुष्यात पहिल्यांदा रोलर चालवला. पहिले दोन हात वेडेवाकडे गेले, अंगावर शिंतोडे उडाले, चोळी पिवळी झाली. "दाबू नको, चालव नुसता," तो वरून सांगायचा. "इथं सुटलंय," ती खालून सांगायची. तो शिडी हलवायचा आणि ती दाखवेल तिथं ब्रश टेकवायचा. कुठं कुणी कुणाला बोट लावून दाखवतंय, याचं त्याला आज काही वाटलं नाही. दुपारी ऊन पडलं आणि भिंत वाळत आली, तसे गोदूबाईंनी दारात उभ्या राहून दोन्ही हात गालाला लावले.

"सरी, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "आता माझं घर आलं परत."

दारामागचा तेवढा भाग राहिला होता. तो गंगव्वानं केला, कारण कल्लाप्पा तोवर सुप्रीताबरोबर सोफा ढकलत होता. ब्रश धुऊन, शिडी खांद्यावर घेऊन दोघं घरी निघाले, तेव्हा अर्ध्या वाटेत कल्लाप्पा थबकला.

"जागा सोडायची ऱ्हायली, गंगे."

"कसली?"

"वस्तादाची. दारामागची." तो हताश झाला. "एवढ्या सालात एकदाबी चुकलं न्हवतं."

गंगव्वानं शिडीचं दुसरं टोक नीट धरलं आणि ती चालत राहिली. आधीच घाबरलेला माणूस, त्याला पुन्हा काय बोलायचं, असं तिला वाटलं असेल. की दुसरंच काही.

डॉक्टरांनी सांगितलं ते गोदूबाईंनी आधीच सांगितलं होतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यावर काळा चष्मा लावून कल्लाप्पा घरात बसला. बसल्या बसल्या त्याला ती दारामागची जागा सारखी आठवायची. घर आता परत बोलावणार नाही, असं काहीतरी त्याच्या मनानं घेतलं. चष्मा काढायची परवानगी मिळाली त्या सकाळी त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते दुधाचं पातेलं. दूध पांढरं होतं. इतकं पांढरं की त्याला त्या दूधवाल्याची कीव आली. मग गंगव्वाची निळी साडी दिसली, आणि इतके दिवस ती साडी मळकी काळी आहे, असं आपण समजत होतो, हे आठवून तो ओशाळला.

सुप्रीताच्या लग्नाआधी गोदूबाईंनी दोघांना जेवायला बोलावलं. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि कल्लाप्पा उभाच राहिला. भिंत लोण्यासारखी पिवळी होती. त्याची स्वतःचीच भिंत, जुन्या दिवसांतली. छताच्या पांढऱ्या रंगावर त्याचाच ब्रश दोन ठिकाणी चढला होता आणि खाली रोलरच्या वेड्यावाकड्या कडा राहिल्या होत्या. त्याला सगळं दिसलं. दिसतंय, याच्याच आनंदानं त्याला भरून आलं, आणि त्यानं कुणाच्याच चुकीबद्दल काही म्हटलं नाही.

मग सवयीनं त्यानं दार ओढून घेतलं.

कमरेच्या जरा खाली, पिवळ्या भिंतीत, एक करडा तुकडा होता. तळहाताएवढा, पण त्याच्या तळहाताएवढा नव्हे. त्यानं आपला हात त्यावर ठेवला. बोटं पेरभर बाहेर आली, आणि करडा रंग पूर्ण झाकला गेला. हात उचलला, पुन्हा ठेवला.

"गंगे!"

गंगव्वा पानं मांडत होती, ती आली.

"ह्ये कुनी सोडलं?"

"कुनी म्हंजे? दारामागं कोन होतं रंग द्यायला?"

"मग वाटंत सांगितलं का न्हाईस? इतकं दीस म्या घोर लावून घेतला!"

"म्हटलं, डोळं आल्यावर तुमचं तुमीच बघशीला," गंगव्वा म्हणाली. "बघायला कायतरी पाहिजे न्हवं?"

कल्लाप्पा तिच्या हाताकडे पाहत राहिला. कागदानं घासून बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत झालेली, नखांच्या कडांत पुट्टी बसलेली. त्यानं तो हात धरला आणि करड्या तुकड्यावर टेकवला. बरोबर बसला.

"वस्ताद म्हनायचा, ज्येचा हात त्येला घर बोलवतंय," तो म्हणाला.

"मग?"

"मग आता बोलावनं तुला येनार. येताना मलाबी घिऊन ये, म्हंजे झालं."

आतून गोदूबाईंनी हाक मारली, वरण गार होतंय म्हणून. गंगव्वानं हात सोडवून घेतला आणि दार पुन्हा भिंतीला टेकवलं.